वॅटपेक्षा इनपुट बघा

ब्लूग्रासमध्ये (बँजो, मँडोलिन अशा तारवाद्यांचं अमेरिकी लोकसंगीत) डबल बेसला, म्हणजे उभं धरून वाजवायच्या त्या मोठ्या खर्जाच्या तारवाद्याला, अँप कोणता घ्यावा यावर 'किमान ५०० वॅट आणि १५ इंची स्पीकर, नाहीतर बँजोपुढे डबल बेस ऐकूच येणार नाही' असं कोणीतरी म्हटलंय, ते मला नाही पटलं. ब्लूग्रासमध्ये ड्रम सहसा नसतातच, मँडोलिनच्या 'चॉप'च्या (तुटक, कोरड्या झटक्याच्या) आधीचा बेसचा ठोका नीट पोचला की झालं. माझा पहिला अँप इलेक्ट्रिक बेससाठीचा होता, वॅट भरपूर, पण घोडीला (तारा टेकतात त्या लाकडी पट्टीला) लावलेल्या पिएझो पिकअपचा (कंपनांचा विजेचा सिग्नल करणाऱ्या सेन्सरचा) आवाज त्यातून असा यायचा जणू कोणी खोक्यावर रबरबँड ताणून वाजवतंय. पिएझोला अँपचा इनपुट (वायर जोडतो ती जागा) निदान १० लाख ओहम रोधाचा लागतो. त्याहून बराच कमी मिळाला की खालचे सूरच आधी गळतात.

आता १५० वॅट, ८ इंची स्पीकर आणि मध्ये छोटा प्रीअँप (अँपच्या आधी सिग्नल सावरणारी डबी). त्यावर हाय-पास फिल्टर, म्हणजे अगदी खालचा आवाज कापणारा, हवाच (जाड ई तार ४१ हर्ट्झची, त्याखाली नुसती घरघर), आणि फेज (सिग्नलच्या लहरीची बाजू) उलटवायचं बटणही. सूर घुमायला लागला की बाकी काही पिळण्याआधी ते दाबून बघा. अँप मात्र पोकळ लाकडी स्टेजवर टेकवू नका, स्टेजच घुमायला लागतं. मी घडीच्या खुर्चीवर ठेवतो, दिसायला गबाळं दिसतं खरं.