थिंकपॅड एक्स२२० ला ५ गिगाहर्ट्‌झ वायफाय: डोंगल की आतलं कार्ड?

गोदाकाठ (पंचवटी, नाशिक):
लेनोवो थिंकपॅड एक्स२२०, आय५, विंडोज १०. आतलं कार्ड रिअलटेक आरटीएल८१८८सीई, म्हणजे फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ. राउटर ड्युअल बँड (२.४ आणि ५ दोन्ही) आहे, पण शेजारपाजारच्या नेटवर्कांच्या गर्दीत संध्याकाळी वेग पार बसतो. इंटेल ७२६० मिनी पीसीआयई कार्ड स्वस्तात मिळतंय. घेऊ का?

सोल्डरगन:
७२६० घेऊ नका! एक्स२२० च्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) मंजूर कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं कार्ड बसवलं की सुरू होतानाच एरर १८०२ येते आणि मशीन तिथेच थांबतं. बायोस बदलून यावर मार्ग निघतो, पण फ्लॅशिंग (चिपवर नवा बायोस लिहिणं) फसलं तर बोर्ड हातचा जातो. एवढ्यासाठी तो धोका नको.

इंटेल ६२०५ घ्या, पण लेनोवोचंच, एफआरयू (लेनोवोचा सुट्या भागाचा नंबर) ६०वाय३२५३. हे नीट बघा, कारण बायोस कार्डाचा सबसिस्टम आयडीही, म्हणजे ते कोणत्या कंपनीसाठी बनलंय याची कार्डातली खूणही, तपासतो. दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपमधून काढलेलं ६२०५ दिसायला तेच असलं तरी अडकतं. एम. जी. रोडला जुन्या मालात शोधणार असाल तर स्टिकरवरचा नंबर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

बसवताना अडॅप्टर आणि बॅटरी काढून पॉवर बटण दहा सेकंद दाबा. मग कीबोर्ड आणि पामरेस्ट काढा. पामरेस्टची केबल बोर्डाला जोडलेली असते, हिसका देऊ नका. अँटेनाच्या वायरींचा आधी फोटो काढा. वायरींच्या टोकाच्या टोप्या प्लास्टिकच्या पट्टीने सरळ वर उचला. वायर धरून ओढलं तर टोपी तुटते आणि नवी अँटेना थेट स्क्रीनच्या कडेपर्यंत ओढावी लागते. बसवताना टोपी बरोबर मधोमध ठेवून दाबा, टक् आवाज येतो.

वायफायवाला:
कार्डाशी सहमत. यूएसबीला लावायचं डोंगल झटपट होतं, पण नखाएवढ्या डोंगलची अँटेनाही तेवढीच. स्क्रीनमधल्या दोन अँटेनांपुढे ते मागे पडतं. घ्यायचंच तर बाहेर अँटेना असलेलं घ्या. आय५ मॉडेलला यूएसबी २.० च आहे, पण तुमच्या कामाला तेवढं पुरेल.

६२०५ वर लिंक ३०० एमबीपीएस दिसेल, हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास येतं. राउटरवर ५ गिगाहर्ट्‌झचा चॅनल ३६ ते ४८ मध्ये ठेवा. सिक्युरिटी नुसती डब्ल्यूपीए३ (वायफाय सुरक्षेचा नवा प्रकार) असेल तर हे कार्ड जोडलंच जाणार नाही. डब्ल्यूपीए२ (आधीचा प्रकार) किंवा दोन्हींचं मिश्र ठेवा.

गोदाकाठ:
राउटर खालच्या मजल्यावर, मध्ये वाड्याच्या दोन जाड भिंती. फरक पडेल?

वायफायवाला:
पडेल, आणि बराच. ५ गिगाहर्ट्‌झ तशा भिंतींत लवकर दमतं. आधी मोबाइल ५ वर जोडून लॅपटॉपच्याच जागी वेग मोजा. तिथे रेंज तुटत असेल तर कार्ड बदलून उपयोग नाही. वरच्या खोलीपर्यंत कॅट ६ नेटवर्क वायर ओढून तिथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारं यंत्र) लावा. तोवर २.४ चा चॅनल १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो आणि रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवा. ४० ठेवलीत तर शेजाऱ्यांचा गोंधळ जास्त आत येतो.