कपाटातली पुस्तकं जिन्याखाली कुणी ठेवली?

सुलभाताई ए-२०२: आत्ता हॉलमध्ये जाऊन आले. लायब्ररीचं कपाट अर्धं रिकामं आहे. पुस्तकांचे सुतळीने बांधलेले गठ्ठे जिन्याखाली, अगदी पाण्याच्या मोटरला लागून पडलेत. हे कुणाच्या सांगण्यावरून?

मोहनराव सेक्रेटरी: ताई, नमस्कार. मागच्या सभेत ठराव झाला आहे. कपाटात सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचं यंत्र) ठेवायचा आहे, ऑफिसच्या भिंतीला ओल आली आहे. रजिस्टरमध्ये आठ महिन्यांत फक्त ११ नोंदी आहेत. ६ वाजता रद्दीवाला येतोय.

सुलभाताई ए-२०२: ठराव जुनी मासिकं काढण्याचा होता, पुस्तकं काढण्याचा नव्हता. मी सभेला शेवटपर्यंत बसले होते, मोहनराव.

नितीन बी-१०१: टँकर आला का? वरच्या टाकीत खडखडाट आहे.

शरदकाका सी-३०१: सगळ्यात वरच्या गठ्ठ्यात 'आकाशाशी जडले नाते' आहे. २० मे २०२५ ला नारळीकर सर गेले, तेव्हा याच ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले होते. मोहनराव, तुम्ही तर त्यांचा फोटोही टाकला होता.

मोहनराव सेक्रेटरी: काका, व्यक्तिशः घेऊ नका. रजिस्टरमध्ये फक्त ११ नोंदी आहेत, एवढंच म्हणतोय.

शरदकाका सी-३०१: ७ सप्टेंबर २०२५ ला खग्रास चंद्रग्रहण होतं. आपली पोरं रात्री गच्चीवर. बी विंगमधल्या चिमुरडीने विचारलं, आजोबा, सावली पडली तर चंद्र काळा दिसायला हवा, हा तांबडा कसा? मग बॅटरी, चेंडू आणि लिंबू घेऊन बसलो. पृथ्वीभोवतीच्या हवेतून जाताना उजेड वाकतो, निळा वाटेतच विखुरतो, तांबडा तेवढा चंद्रापर्यंत पोचतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच पोरं कपाटापाशी उभी. एकानेही वहीत नाव लिहिलं नाही, कारण त्यांचा हात त्या टेबलावर पुरत नाही!

वहिनी बी-२०३: 👏👏 काका, आमचा तर अजून लिंबाला चंद्रच म्हणतो.

वसंतराव ए-४०१: विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' प्रवासाच्या कप्प्यात कुणी लावलं? ते इतिहासात हवं. मी आधीही सांगितलं होतं.

सुलभाताई ए-२०२: मी लावलं. नावातच प्रवास आहे.

वसंतराव ए-४०१: नावावरून ठरतं का? माणूस झाशीच्या वेढ्यात आत अडकलेला. १८५७-५८ चं डोळ्यांनी पाहिलेलं आहे ते.

सुलभाताई ए-२०२: घरात कर्ज झालं म्हणून पेणजवळच्या वरसईहून निघालेला भिक्षुक. मथुरेला बायजाबाई शिंद्यांचा यज्ञ आहे, दक्षिणा मिळेल, एवढ्याच आशेवर बाहेर पडला. बंड वाटेत गाठ पडलं. रस्ता, मुक्काम, चोराचिलटांचं भय, आज जेवायला काय मिळालं, सगळं लिहिलंय. हा प्रवास नाही तर काय?

वसंतराव ए-४०१: चिं. वि. वैद्यांनी १९०७ ला छापलं ते काय सहलीचं पुस्तक म्हणून? मीना प्रभूंच्या 'माझं लंडन'शेजारी भटजी बसवलेत तुम्ही.

वहिनी बी-२०३: बसू देत की, दोघांनाही सोबत होईल 😄

मोहनराव सेक्रेटरी: कृपया विषयावर या. ठराव झाला आहे. ११ नोंदी.

नितीन बी-१०१: टँकरचं कुणी सांगेल का?

वहिनी बी-२०३: खेळाचा कप्पा तरी राहू द्या, हात जोडते. आमच्या चिरंजीवाने खाशाबा जाधवांवरचं भाषण तिथल्याच पुस्तकावरून केलं. कराडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान, १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीचं कांस्य. भारताचं पुढचं वैयक्तिक पदक थेट १९९६ ला, लिएंडर पेसचं. ४४ वर्षांचं अंतर त्याने स्वतः वजाबाकी करून काढलं आणि मला म्हणाला, आई, मधली सगळी माणसं कुठे गेली? या प्रश्नावर आम्ही आठवडाभर बोलत होतो.

मोहनराव सेक्रेटरी: वहिनी, कौतुक आहेच. पण डीव्हीआरला पाणी लागलं तर उद्या चोरीच्या वेळी तुम्हीच मला विचाराल.

सुलभाताई ए-२०२: मोहनराव, ११ नोंदींचं आता एकदा ऐकाच. 'मनात' आणि 'स्वभाव-विभाव' या दोन पुस्तकांपुढे वहीत एकही नाव नाही. एकही नाही. पण दोन वर्षांत ही दोन्ही पुस्तकं मला सलग आठवडाभर कपाटात दिसलेली नाहीत. 'मनात' जातं आणि पंधरा-वीस दिवसांनी रविवारी सकाळी मागच्या रांगेत आडवं ठेवलेलं सापडतं. एकदा वर्तमानपत्राचं कव्हर घालून आलं, एकदा पानात औषधाच्या दुकानाची पावती खूण म्हणून. पावती मी न वाचता फाडली. वही कुठे असते? वॉचमनच्या टेबलावर. नाव लिहा, फ्लॅट नंबर लिहा, आणि येणारा-जाणारा वाचणार. कोण लिहील?

डॉक्टरताई सी-१०२: सुलभाताईंना पूर्ण पाठिंबा. अच्युत गोडबोल्यांच्या 'मनात'मध्ये मानसशास्त्र कसं घडत गेलं ते गोष्टीसारखं वाचायला मिळतं. डॉ. आनंद नाडकर्णींचं दुसरं विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर आहे: घटना तीच असते, तिच्याविषयी आपण मनात जे बोलतो त्यावरून त्रास वाढतो किंवा कमी होतो. माझ्याकडे येणारे निम्मे लोक "झोप येत नाही" एवढंच सांगतात. पुस्तक वाचून आलेला माणूस त्यापुढचं वाक्य बोलतो. पुस्तकाने उपचार होत नाहीत, हेही स्पष्ट सांगते. पण आपल्या ठाण्यातच १९९० पासून नाडकर्णींची आय.पी.एच. ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत.

भाडेकरू सी-४०४: हा मेसेज डिलीट केला आहे

वसंतराव ए-४०१: काय डिलीट केलं?

सुलभाताई ए-२०२: वसंतराव, कुणी काही विचारू नका. प्लीज.

वसंतराव ए-४०१: बरं. माझी चूक.

मोहनराव सेक्रेटरी: वहीचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण ठराव झाला आहे, आणि ११ नोंदी कागदावर आहेत. डीव्हीआर कुठे ठेवू ते सांगा.

शरदकाका सी-३०१: माझ्याकडे लोखंडी टीव्ही स्टँड आहे, कुलपाचा. आज घेऊन जा. पैसे नकोत.

मोहनराव सेक्रेटरी: ठीक आहे काका. रद्दीवाल्याला फोन करतो. मात्र दोन गठ्ठे त्याने सकाळीच नेले.

सुलभाताई ए-२०२: कुठले दोन?

मोहनराव सेक्रेटरी: पाहिले नाहीत. खरंच पाहिले नाहीत.

नितीन बी-१०१: त्याचं दुकान मला माहीत आहे, स्टेशनकडे जाताना. बाईक काढतो.

सुलभाताई ए-२०२: जा रे बाबा. किलोचे पैसे मी देते. नारळीकरांचं इथेच आहे. 'स्वभाव-विभाव' सापडलं. 'मनात' या गठ्ठ्यांत दिसत नाहीये. जाडजूड आहे, पाठीला खाकी टेप लावलेली. कुणीतरी कात्री घेऊन खाली या, सुतळीच्या गाठी सुटत नाहीत.

डॉक्टरताई सी-१०२: आले. आणि ती वही वॉचमनकडून आधी उचला.

नितीन बी-१०१: निघालो. टँकर आला तर मोटर चालू करा, आणि त्याआधी गठ्ठे तिथून हलवा.