तिचा हात वर गेला की माझ्या कपाळाला आठ्या

शाईचा_डाग:
ऑफिसात एक नवी मुलगी आलीय, माझ्याहून सात वर्षांनी लहान. दर मीटिंगमध्ये हात वर करून सरळ विचारते, "हे मला कळलं नाही, परत सांगाल?" तिनं तोंड उघडलं की मी नाक मुरडते. एकदा तर मीटिंग चालू असतानाच मैत्रिणीला मेसेज टाकला, "आली मिरवायला."

परवा वही मिटताना लक्ष गेलं. पानाच्या कडेला मी बारीक पेन्सिलीनं तीन प्रश्न लिहून ठेवले होते. एकही विचारला नव्हता. त्यातला दुसरा तिनं विचारला होता, जवळजवळ त्याच शब्दांत. आधीची पानं उलटली, तिथंही तोच प्रकार. तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. मला ती खटकते, की माझं गप्प बसणं?

मधला_बाक:
लोक लगेच 'प्रक्षेपण' म्हणतील. पण प्रक्षेपण म्हणजे आपला दोष दुसऱ्याच्या माथी मारणं. इथं बुजरेपणा तुमचा आहे, तिच्यात तो नाहीच. हा तुलनेचा मामला आहे.

१९९७ साली फाइन आणि स्पेन्सर या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. काही जणांना बुद्धिमापन चाचणीत कमी गुण पडल्याचं खोटंच सांगितलं. मग त्यांच्यासमोर नोकरीसाठी आलेली एक उमेदवार ठेवली, ज्या गटाबद्दल आधीच पूर्वग्रह होता त्या गटातली. त्यांनी तिला जास्त नावं ठेवली. आणि गंमत पुढेच आहे: नावं ठेवल्यावर त्यांना स्वतःबद्दल बरं वाटू लागलं! तो मेसेज टाकल्यावर तुम्हालाही दोन मिनिटं हलकं वाटलं असणार. खरं सांगा.

जुनी_छत्री:
हो, पण प्रत्येक राग स्वतःवरच उलटवत बसू नका. माझा एक सहकारी दुसऱ्यांचं काम स्वतःच्या नावावर खपवायचा. मला राग यायचा, आणि मी वर्षभर त्यात स्वतःचा न्यूनगंड शोधत बसलो. न्यूनगंड कसला डोंबलाचा, माणूस लबाड होता, बस्स.

तुम्ही एवढंच बघा: तेच प्रश्न दुसऱ्या कुणी विचारले तर तितकेच खटकतात का?

शाईचा_डाग:
@जुनी_छत्री, नाही खटकत. आमच्यातले एक सिनियर अगदी असेच प्रश्न विचारतात आणि मला त्यांचं चक्क कौतुक वाटतं. "एवढा अनुभव असून विचारतात!" असं मीच चारचौघांत बोललेय. म्हणजे प्रश्न नाही, तिचं वय बोचतंय. हे लिहितानाही लाज वाटतेय.

@मधला_बाक, वाटलं हलकं. दोन मिनिटं नाही, चांगला तासभर. आत्ता तो मेसेज पुन्हा उघडला. खाली मैत्रिणीचं उत्तर आहे, "अगं, पण प्रश्न बरोबर होता तिचा." त्यावर मी नुसता अंगठा दाखवून विषय बदलला होता.