धरणातल्या मासोळीसाठी परदेशी कर्ज: घ्यावं की नाही?

तापीकाठ (धागाकर्ता)
राम राम मंडळी. केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये मत्स्य किसान समृद्धी सह-योजना मंजूर केली. सहा हजार कोटींची. त्यातला निम्मा पैसा सरकारी, आणि त्यात जागतिक बँकेचं नि फ्रान्सच्या विकास संस्थेचं कर्ज आहे. परवा आमच्या मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत यावरून दोन तास खडाजंगी झाली.

माझं मत असं: ज्ञान कुठूनही घ्या. पण धरणात कुठला मासा सोडायचा, पाणी कोणाच्या ताब्यात द्यायचं, हे ठरवणारा पैसा नको. १९५२ मध्ये नॉर्वेची मदत केरळात नींदकराला आली. मच्छीमाराचं जगणं सुधारायचं, हा हेतू चांगलाच होता. पुढे यांत्रिक बोटी आल्या, कोळंबी परदेशी जाऊ लागली, आणि ज्याच्याकडे भांडवल त्याचाच ट्रॉलर, म्हणजे मोठं जाळं ओढणारी यांत्रिक बोट. छोट्या होडीवाल्यांनी वर्षानुवर्षं झगडून १९८८ मध्ये पावसाळी ट्रॉलिंगबंदी मिळवली. उकाई धरणाच्या फुगवट्यावर नवापूरकडच्या आपल्या पोरांकडे आज निदान स्वतःचं जाळं आहे.

वाघूरचं पाणी
भाऊ, तो दाखला समुद्रातल्या मासेमारीचा. आपण मासे वाढवण्याबद्दल बोलतोय. बांगलादेशात मैमनसिंगला डेन्मार्कने १९८०च्या दशकाच्या अखेरीस काम सुरू केलं. लहान शेतकऱ्यांना शिकवलं, कर्ज दिलं, घरामागच्या डबक्यात मासे वाढले. कोणाचं तळं कोणी हिसकावलं नाही.

माझं स्वतःचं शेततळं आहे. दोन वर्षांपूर्वी बाहेरच्या राज्यातून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, मागवली. पिशव्या उतरवल्या तेव्हा निम्मी उलटी तरंगत होती, आणि जगली त्यात रोहू किती नि भलतंच किती, ते सहा महिन्यांनी कळलं. जिल्ह्यात भरवशाचं बीज नाही, रोग तपासायला जवळ सोय नाही, बर्फाची तर बोंबच. ही सोय कोणाच्या का पैशाने होईना, मला हवी आहे.

धडगावची लेक
दादा, ‘कोणाच्या का पैशाने’ असं आमच्याकडे कोणी म्हणणार नाही. १९८५ मध्ये सरदार सरोवरासाठी याच जागतिक बँकेने ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. आमच्या भागातलं मणिबेली गाव पाण्यात जाणार होतं, ते लोकांनी ओरडून सांगितलं. १९९२ मध्ये बँकेच्याच स्वतंत्र समितीने पुनर्वसनावर ठपका ठेवला, १९९३ मध्ये उरलेलं कर्ज भारताने सोडलं. धरण झालंच. आता त्याच पाण्यावर विस्थापितांच्या सोसायट्या मासे धरतात. त्या पाण्यावर उद्या जाळीच्या पिंजऱ्यांत मासे वाढवणारा कोणी मोठा पिंजरेवाला आला तर आमच्या माणसांना दुसऱ्यांदा उठवल्यासारखं होईल. कर्जाच्या कागदावर पहिली अट मासेमारीचा ठेका स्थानिक सोसायटीचाच, अशी लिहा. मग बोलू.

तापीकाठ
ताई, अगदी मनातलं बोललात. पिंजऱ्यांचं अजून एक. आपली धरणं शेतीची आहेत. वैशाखात पाणी खाली जातं, काठाला नुसता गाळ. पिंजऱ्याला बारा महिने खोल पाणी लागतं. त्यात पंगस नाहीतर तिलापिया हे बाहेरून आलेले मासे, आणि खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग विकतच्या खाद्यात. आपला कटला-रोहू धरणातलं खाऊन वाढतो. आणि या माशांची पैदास तळ्यात करायची विद्या आपलीच आहे: १० जुलै १९५७ ला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींनी मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून ती साधली.

वाघूरचं पाणी
चौधुरी अमेरिकेत ऑबर्न विद्यापीठात शिकून आले होते, हेही लिहा ना भाऊ! तिलापियाची सुधारित ‘गिफ्ट’ जातही १९८८ पासून फिलिपिन्समध्ये तयार झाली, ती नॉर्वेच्या सामन (सॅल्मन) माशाच्या पैदाशीच्या पद्धतीवर. पैसा आशियाई विकास बँकेचा आणि संयुक्त राष्ट्रांचा. गरिबाच्या ताटात मासा आला, तो असा.

सातपुड्याचा वारा
मी मत्स्यशास्त्राचा विद्यार्थी. हिमाचलातलं गोविंदसागर, म्हणजे भाक्रा धरणाचं पाणी, विसरू नका. १९७१ च्या पुरात शेजारच्या फार्मवरचा सिल्व्हर कार्प, तोही बाहेरून आणलेलाच, धरणात निसटला आणि पुढे कटला मागे पडला. धरणात सोडलेला मासा परत बोलावता येत नाही. शिवाय खाद्याचं बघा: सेनेगल, गांबियाच्या किनाऱ्यावरचा तारलीसारखा स्वस्त मासा, जो तिथली माणसं खात होती, तो भुकटी होऊन युरोप-चीनच्या मत्स्यशेतीला जातो. दाता देश ‘शाश्वत’ म्हणत असतील, तर आधी ही भुकटी थांबवावी. मदतीपेक्षा तेच मोठं काम होईल.

वाघूरचं पाणी
भुकटीचं पटलं. बाहेरचा मासा धरणात नको, हेही मान्य. पण बीज केंद्र आणि प्रयोगशाळेला विरोध करू नका.

तापीकाठ
त्याला विरोध कधीच नव्हता. रविवारच्या बैठकीत तेवढ्याच दोन गोष्टींचा ठराव मांडतो. ताई, ठेक्याची अट तुम्ही लिहून पाठवा, शब्द तुमचेच ठेवतो.