मदत हवी आहे – मुलाला गो-कार्टिंग, सुरुवात नक्की कुठून करायची?

नमस्कार मंडळी, आम्ही मुलुंडला राहतो, मुलगा १४ वर्षांचा. मे महिन्यात मामाने वडाळ्याच्या ट्रॅकवर १० मिनिटं भाड्याची कार्ट (ती छोटी, उघडी रेसिंगची गाडी) चालवायला दिली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही, जेवताना ताटाचं स्टेअरिंग होतं आणि वाटी म्हणे एपेक्स (म्हणजे वळणाचा सगळ्यात आतला बिंदू)!! जेहान दारूवाला पण मुंबईचाच, तो फॉर्म्युला टू पर्यंत (फॉर्म्युला वनच्या खालची पायरी) गेला, हे मला रोज ऐकवतो. आमच्याकडे सात पिढ्यांत कोणी रेसिंगच्या वाटेला गेलेलं नाही, ह्यांची मजल ॲक्टिव्हापर्यंत.

आता वाचून एवढं कळलंय की भाड्याच्या कार्ट फोर-स्ट्रोक असतात आणि स्पर्धेतल्या रोटॅक्स मॅक्स इंजिनवाल्या १२५ सीसी टू-स्ट्रोक, एकदम वेगळं प्रकरण. स्पर्धेसाठी लायसन्स एफएमएससीआयचं (देशातली मोटरस्पोर्टची संघटना) लागतं. पण आधी वर्षभर भाड्याच्याच कार्टवर हात बसू द्यावा की सरळ कोल्हापूरला मोहितेंच्या रेसिंग अकादमीत सुट्टीत पाठवावं? कार्ट विकत घेणं आत्ता डोक्यातही नाही, रेसिंग टीमकडून भाड्याने मिळते म्हणतात, तर टायर, पेट्रोल, मेकॅनिक धरून एका वीकेंडला साधारण किती जातात? खरा आकडा सांगा, मी बसूनच वाचेन.

आणि हेल्मेट आपलं बाईकचं चालतं का? कार्टला सस्पेन्शन नसतं, पहिल्याच दिवशी बरगड्या धरून घरी आला होता, म्हणून रिब प्रोटेक्टर आधी घेऊ म्हणतेय. पुढच्या वर्षी दहावी आहे, हे ह्यांना सांगू नका.