जुन्या सहकाऱ्याची संमती कशी ग्राह्य धरतात? (मदत हवी आहे)

गोरेगावातल्या आमच्या इमो पंक (भावनाप्रधान पंक रॉक) बँडने सुरुवातीच्या वर्षांत एका जॅमरूममध्ये (बँडच्या सरावाच्या खोलीत) ध्वनिमुद्रित केलेली मराठी गाणी आता स्ट्रीमिंगवर रीतसर प्रकाशित करायची आहेत. परंतु त्यांपैकी बहुतेकांच्या चाली बांधणारा गिटारवादक बँड सोडून परदेशी गेला असून काही महिन्यांपासून ईमेल आणि फोन, दोन्हींना उत्तर देत नाही. भांडण झालेले नाही, आणि श्रेयनामावलीतून त्याचे नाव वगळण्याचा आमचा मुळीच विचार नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीत, संगीत आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी असावे लागते, एवढे वाचनातून समजले. शब्द माझे आहेत, जॅमरूमचे भाडे सर्वांनी वर्गणी काढून भरले, मूळ ट्रॅक आमच्याकडे आहेत. करार मात्र कोणताही नाही. गाणी स्ट्रीमिंगवर पोहोचवणाऱ्या वितरकाच्या अर्जात ‘सर्व हक्क आमच्याकडे आहेत’ असे जाहीर करावे लागते, तिथेच गाडी अडली आहे.

कृपया पुन्हा ध्वनिमुद्रण करायला सुचवू नये, कारण त्यानंतरही चाल त्याचीच राहणार. शिवाय एका गाण्याच्या शेवटी, गायकाचा आवाज चिरकतो त्याच क्षणी, बाहेरून जाणाऱ्या लोकलचा भोंगा नेमका समेवर आला आहे, तो पुन्हा कुठून आणणार?

जाण्यापूर्वी त्याने व्हॉट्सअॅपवर ‘टाका बिनधास्त’ एवढेच लिहिले होते. हा संदेश लेखी परवाना म्हणून पुरेसा ठरतो, की त्याची स्वाक्षरी मिळेपर्यंत थांबावेच लागेल?