मोठ्या खेळाडूंचं बघून आपण गोल्फचं सामान घेतो का?

पहाटवारा
नवा ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटक्याचा क्लब, म्हणजे काठी) घ्यायला फिटिंगला, म्हणजे आपल्याला जुळणारा क्लब पारखून घ्यायला गेलो, तेव्हा कुठला घ्यायचा हे मी घरूनच ठरवून गेलो होतो. आवडत्या खेळाडूच्या हातात वर्षभर पाहिला तोच. नऊ अंशांचा लॉफ्ट (डोक्याच्या पुढच्या बाजूचा कल), कडक शाफ्ट (दांडा). दहा चेंडू मारले, सात उजवीकडे वळून झाडीच्या दिशेने गेले. मग फिटिंग करणाऱ्याने काही न बोलता दुसऱ्याच कंपनीचा, साडेदहा अंशांचा, टाचेकडे वजन दिलेला ड्रायव्हर हातात ठेवला. चेंडू जवळपास तेवढेच लांब जात होते, पण आता फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावर राहत होते. आकडे समोर पडद्यावर होते. तरी पैसे देताना मन पहिल्याकडेच ओढत होतं.

घेतला दुसराच. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ‘जाहिरातीचा माझ्यावर काही परिणाम होत नाही’ असं आपल्यातला जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. मग कंपन्या खेळाडूंना एवढे पैसे कशाला मोजतात?

टायगर वुड्सने मे 2000 मध्ये चेंडू बदलून नाइकीचा घेतला आणि जूनमध्ये पेबल बीचवर यूएस ओपन 15 फटक्यांनी जिंकली. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या चेंडूंच्या विक्रीचा अभ्यास केला, तो 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या हिशेबाने 2000 ते 2010 या काळात अमेरिकेत वुड्समुळे नाइकीच्या चेंडूंना सुमारे 45 लाख ग्राहक मिळाले, आणि त्याच्या नावावर किंमतही साधारण अडीच टक्के जास्त लावता आली. एवढी माणसं काही मोजमाप करून त्या चेंडूकडे वळली नसणार.

टूरवरचा, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांतला खेळाडू ड्रायव्हर ताशी 115 मैलांच्या आसपास फिरवतो, आपल्यातले बहुतेक पुरुष 90-95 च्या घरात. त्याला स्पिन (चेंडूची गिरकी) कमी करायची असते, आपल्याला बऱ्याचदा चेंडू हवेत टिकवायलाच थोडी जास्त लागते. त्याचं अवजार आपल्याला लागू पडेल असं आपण कशावरून धरतो? मला वाटतं आपण फार मोठ्या प्रमाणावर नावं विकत घेतो, आणि त्यात आपल्या खेळाचं नुकसान होतं.

चौकस
साफ असहमत. तुम्ही नाइकीचं अर्धंच सांगितलंत. जगातला सगळ्यात मोठा खेळाडू त्यांच्याकडे होता, 2013 पासून रोरी मॅकिलरॉयही होता, आणि त्याने 2014 मध्ये त्यांच्याच क्लबांनी ब्रिटिश ओपन आणि पीजीए या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. एवढं असूनही ऑगस्ट 2016 मध्ये नाइकीने क्लब, चेंडू आणि बॅगा बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. नावावर माल खपत असता तर या धंद्यातून बाहेर पडायची वेळ त्यांच्यावर सगळ्यात शेवटी आली असती.

दुसरं म्हणजे अमेरिकी खेळाडू ब्रुक्स केप्का. नाइकी बाहेर पडल्यावर त्याचा क्लबांसाठी कुणाशीही करार नव्हता. ड्रायव्हर टेलरमेडचा, आयर्न (मधल्या अंतराचे क्लब) मिझुनोचे, पटर (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, चेंडू ढकलायचा क्लब) स्कॉटी कॅमेरॉनचा. अशी मिसळलेली बॅग घेऊन त्याने 2017 ते 2019 मध्ये चार मेजर, म्हणजे सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकल्या. त्यावरून मी शिकलो ते एवढंच, की बॅगेतला प्रत्येक क्लब वेगवेगळा पारखून घ्यावा. हल्ली लाँच मॉनिटर सहज मिळतो. चेंडूचा वेग, उड्डाणाचा कोन, स्पिन, सगळं दिसतं. तुम्ही स्वतःच आकडे बघून दुसरा ड्रायव्हर घेतलात. म्हणजे तुमचं उदाहरण तुमच्याच म्हणण्याच्या विरुद्ध जातं.

रानफूल
मी तिसरंच बोलणार आहे, आणि ते दोघांनाही पटणार नाही.

मी वुड्सच्या नावाचे आयर्न घेतले आहेत, टेलरमेडने 2019 मध्ये काढलेले. ब्लेड, म्हणजे पातळ डोक्याचे, नेमका फटका मागणारे. माझा हँडिकॅप 15 आहे, म्हणजे मी मध्यम दर्जाची हौशी खेळाडू, आणि हे आयर्न माझ्यासाठी नाहीत, हे मला प्रशिक्षकांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. थंड सकाळी चेंडू टोकाला लागला की मनगटापर्यंत झिणझिण्या जातात आणि चेंडू दहा-पंधरा यार्ड आधीच पडतो. पण सात नंबरचा आयर्न मधोमध बसतो तेव्हा हाताला काहीच लागत नाही. चेंडू लागला हेही आवाजावरूनच कळतं. तेवढ्या एका फटक्यासाठी मी पुढच्या आठवड्याची वाट बघते.

हे पैसे वाया गेले का? मी लहान होते तेव्हा वडील आणि मी रात्री जागून वुड्सचे सामने बघायचो. खाली बघितलं की ती पातळ धार दिसते, आणि मी जास्त शांत उभी राहते. चेंडूवर उभं राहिल्यावर मन निवांत असणं हाही खेळाचाच भाग आहे. ‘परिणाम झाला’ म्हणजे ‘फसवणूक झाली’ हे समीकरण मला मान्य नाही.

चौकस
@रानफूल, तुमचा आनंद तुमचा, त्यावर बोलायचा मला हक्क नाही. पण नव्याने खेळायला लागलेल्या मुलाने असे ब्लेड घेतले तर तो सहा महिन्यांत खेळ सोडेल. तुम्हाला प्रशिक्षकांनी आधी सांगितलं होतं. त्याला कोण सांगणार?

रानफूल
हे खरं आहे. मीही नवीन कुणाला हे आयर्न देणार नाही.

अठरावे_होल
मी बरीच वर्षं शिकवतो आणि फिटिंगही करतो, म्हणून थोडं सविस्तर.

टायटलिस्ट चेंडू बनवणारी अॅकुश्नेट कंपनी 2016 मध्ये शेअर बाजारात आली, तेव्हा तिने आपल्या कागदपत्रांत ‘प्रभावाचा पिरॅमिड’ ही कल्पना उघड मांडली होती. टोकाला टूरवरचे खेळाडू, त्याखाली गोल्फ क्लबातले प्रो (व्यावसायिक प्रशिक्षक) आणि चांगले हौशी खेळाडू, आणि तळाला बाकी सगळे. म्हणजे टूरवरचा खेळाडू थेट तुमच्याशी बोलतो असं कंपनीही मानत नाही. तो माझ्यासारख्यापर्यंत पोचतो, आणि मी तुमच्यापर्यंत. ऑक्टोबर 2000 मध्ये लास वेगासच्या स्पर्धेत टायटलिस्टचा प्रो व्ही1 चेंडू पहिल्यांदा आला, तेव्हा एकाच आठवड्यात 47 खेळाडूंनी तो घेतला. तिथे एका चेहऱ्यापेक्षा संख्येनेच काम केलं. सगळेच वापरतात म्हटल्यावर प्रश्न विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही.

आणि @चौकस, माझ्याकडे येणारे लोक ‘मला कुठला चांगला?’ असं क्वचितच विचारतात. ‘हा मला चालेल का?’ असं विचारतात. ‘हा’ आधीच ठरलेला असतो. लाँच मॉनिटर खोटं बोलत नाही, पण तो फक्त समोर ठेवलेल्या तीन ड्रायव्हरांबद्दल बोलतो. दुकानात मांडलेल्या वीसांतले ते तीन कुणी निवडले, हे यंत्राला माहीत नसतं.

करार आणि कामगिरी यांची मात्र गल्लत करू नका. 1986 च्या मास्टर्समध्ये 46 वर्षांच्या जॅक निक्लॉसने मॅक्ग्रेगरचा मोठ्या डोक्याचा पटर वापरला. रविवारी तो जिंकला आणि लगेच कंपनीकडे मागण्यांची रीघ लागली. जाहिरात तिथे नंतर आली. उलट 2017 मध्ये बबा वॉटसनने करार करून व्होल्विकचा रंगीत चेंडू घेतला, आणि त्याच वर्षी तो सोडून जुन्या चेंडूकडे परतला. पैसे मिळणं आणि चेंडू जमणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या मार्गदर्शक तत्त्वांत तर गोल्फचंच उदाहरण आहे. नामांकित खेळाडू चेंडूच्या जाहिरातीत एक शब्दही न बोलता त्या चेंडूने नुसते ड्राइव्ह (ड्रायव्हरचे लांब फटके) मारताना दिसला, तरी ती शिफारसच धरली जाते. न बोलताही परिणाम होतो, हे नियम करणाऱ्यांनीही ओळखलंय.

पहाटवारा
@अठरावे_होल, तीन ड्रायव्हरांचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. मी आत शिरताना एक नाव सांगितलं होतं, आणि दुसरा निवडला तो फिटिंग करणाऱ्याने. मग त्याच्यावर कुणाचा प्रभाव होता?

अठरावे_होल
हे विचारायलाच हवं. शिकवणाऱ्यांचेही कंपन्यांशी करार असतात. माझा पूर्वी होता, आता नाही. असेल तर माणसाने फिटिंगच्या आधी सांगावं, असं माझं ठाम मत आहे. मी सध्या ड्रायव्हरच्या डोक्यावर आणि तळाला साधी चिकटपट्टी लावतो, नाव दिसेल तिथे तिथे. पट्टीच्या वजनाने किंचित फरक पडतो, म्हणून सगळ्यांना सारखीच लावतो. पट्टी काढल्यावर कित्येकांचे चेहरे उतरतात. आकडे तेच असतात, पण चार-पाच मिनिटं माणूस गप्प बसतो.

चौकस
पट्टीची कल्पना आवडली. तरी माझं मूळ म्हणणं सोडत नाही. ज्याला मोजायचं आहे त्याला आज मोजता येतं, आणि मोजणाऱ्यांची संख्या वाढतेय.

रानफूल
@चौकस, तुम्ही चेंडू कुठला वापरता? आणि तो कसा मोजला होता?

चौकस
प्रामाणिक उत्तर देतो. प्रो व्ही1, सहा वर्षं. मोजलेला नाही. दुसरा चेंडू शेजारी ठेवून कधी एकही चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) मारलेली नाही. ड्रायव्हरवर दोन दिवस घालवले, आणि जी वस्तू प्रत्येक फटक्याला लागते ती टूरवर सगळे वापरतात म्हणून घेतली. हे आत्ता लिहिताना मलाच लागलं.

अठरावे_होल
मग येत्या शनिवारी करून बघा. तीन प्रकारचे चेंडू, प्रत्येकी चार. काळ्या मार्करने नावं पूर्ण झाका आणि खूण फक्त दुसऱ्याला ठाऊक असू द्या. टीवरून, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेवरून, सुरुवात करू नका. ग्रीनपासून चाळीस यार्डांवर उभे राहा, एकाच वेजने (जवळच्या उंच फटक्याच्या क्लबने) बाराही मारा आणि कुठला किती धावतो ते बघा. मग पटिंग, आणि ड्राइव्ह सगळ्यात शेवटी. वारा असेल तर दिवस बदला.

चौकस
शनिवार ठरला. मार्कर मुलगी लावेल, मी पाठ करून उभा राहीन. आकडे रविवारी इथे टाकतो, जे येतील ते.